ओले बोंबील इतके लिबलिबीत का असतात? तळताना तव्यावरच मोडतात, काय चुकतं?

लिबलिबीतपणा ही तुमची चूक नाही, बोंबलाची जातच तशी. त्याच्या वजनात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. पापलेटात ७५ च्या आसपास. मधला काटासुद्धा मऊ, अनेकजण तो चावूनच खातात. खवले फक्त मागच्या अर्ध्या अंगावर.

अंग असं मेणासारखं, पण तोंड बघा. खालचा जबडा पुढे आलेला आणि दात सुईसारखे, आत वळलेले. जवळा, करंदी अशी बारीक कोळंबी आणि वेळ पडली तर स्वतःच्याच जातीची पिल्लं गिळणारा हा शिकारी आहे. साफ करताना पोटात अख्खा छोटा बोंबील निघाला तर दचकू नका. कोळणी याच दातांचा उपयोग करतात: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत टाकतात, दोरा लागत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर तो मुख्यतः गुजरात ते मुंबई, वसई, सातपाटी या पट्ट्यातला. रत्नागिरीच्या खाली तुरळक. मग थेट बंगालच्या बाजूला. आपल्याकडे तो भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोल जाळ्यात येतो.

आता तळणं. घेताना पांढरट-गुलाबी, चकचकीत बघून घ्या. पिवळसर, चिकट झालेला मसाल्यानेही सुधारत नाही. डोकं, पर, शेपूट काढा, पोटाकडून चिरून पुस्तकासारखा उघडा आणि मधला काटा अंगठ्याने सोडवा. सहा बोंबलांना अर्धा चमचा मीठ चोळून सुती फडक्यात गुंडाळा, वर पाटा ठेवा. अर्ध्या तासात फडकं चिंब होतं. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: पाणी दाबून काढलं नाही, तर ते तव्यावर सुटतं आणि मासा तळण्याऐवजी शिजतो.

मग हळद, तिखट, आलं-लसूण वाटण, थोडं कोकमाचं आगळ. मीठ पुन्हा घालू नका. दोन भाग रवा, एक भाग तांदळाचं पीठ, तेही तव्यावर टाकायच्या क्षणीच लावायचं. आधी लावून ठेवलं की रवा भिजून सुटतो. तेल चांगलं तापू द्या, एका वेळी तीनच टाका, झाकण नाही. एका बाजूला चार मिनिटं, कडा लालसर होऊन मासा आपोआप सुटला की रुंद उलथन्याने एकदाच उलटा.

पहिला घाणा मोडलाच तर उरलेल्यांचं चिंच घालून कालवण करा. पाच-सहा मिनिटं पुरतात, पण त्यात डाव घालू नका, पातेलंच धरून हलवा.