अकरा कामगारांच्या फरसाण कारखान्याने सीएसआरसाठी किती टक्के काढून ठेवावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: फरसाणचा कारखाना, 11 कामगार, उलाढाल वर्षाला 90 लाखांच्या आसपास, समाजासाठी काही करायचं तर नफ्यातले किती टक्के बाजूला काढावेत?

टक्क्यांपासून सुरुवात करू नका. सीएसआर म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च; त्याचा नफ्यातल्या 2 टक्क्यांचा नियम कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मधला आहे. 500 कोटी नेटवर्थ, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला तो लागतो. तुम्हाला नाही. शिवाय छोट्या धंद्यात नफ्यातून काढायचा पैसा पहिल्या मंदीतच थांबतो. म्हणून हा खर्च बेसन आणि गॅससारखा किलोमागे कॉस्टिंगमध्ये धरा.

सगळ्यात आधी तेल. शेव तळताना तेल मालात जातं आणि वरून नवं पडत राहतं, त्यामुळे दिवसभर ते बरं टिकतं. बिघडवतो तो तळाशी बसलेला बेसनाचा चुरा. तो जळतो, तेल काळवंडतं, फेस धरतं आणि पुढे कमी आचेवरही धूर सोडतं. रोज काम संपल्यावर तेल निवू द्या, गाळा आणि चुरा फेकून द्या. मीठ-मसाला कढईवर भुरभुरू नका, माल बाहेर काढून लावा. तेलातले पोलर घटक (तेल पुन्हापुन्हा तापून तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम 1 जुलै 2018 पासून आहे. ते मोजायचा मीटर मिळतो, तो घ्याच; नुसत्या रंगावर जाऊ नका. बाद तेल वेगळ्या पिंपात साठवून बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या अधिकृत एजन्सीला पावती घेऊन द्या. एखादा गाडीवाला चार पैसे जास्त देईल, पण मग तेच तेल शाळेबाहेरच्या वड्यातून पोरांच्या पोटात जातं. इथे मला तडजोड मान्य नाही.

आता हिशेब. समजा आठवड्याला 12 लिटर तेल बाद झालं. 140 रुपये लिटरने 1,680 गेले, बाद तेलाचे एजन्सीकडून 45 रुपयांनी 540 परत आले. निव्वळ 1,140, वर्षाला साधारण 59 हजार.

मग कढईपुढचा कारागीर. ओला झारा तापलेल्या तेलात गेला की तेल उडतं, म्हणून झारे पुसायला कोरडं फडकं हाताशीच टांगा. सुती पूर्ण बाह्या, बंद बूट. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं पाणी. हळद किंवा टूथपेस्ट नाही. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण घाला, पाणी कधीच मारू नका.

10 किंवा जास्त कामगार असले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतो (पगार 21,000 पर्यंत). मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. 14,000 पगारावर तुमचे महिना 455, अकरा जणांचे वर्षाला 60,060. हजेरीपटावर नऊच नावं दाखवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. बाहेर ठेवलेलाच भाजला तर उपचार आणि भरपाई तुमच्या अंगावर येते, आणि त्याच्या घराचं जे होतं ते वेगळंच.

जोडीला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना (अपघात विमा) 20 रुपये आणि प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना (आयुर्विमा) 436, वर्षाला माणशी 456, एकूण 5,016. सुरक्षा 18 ते 70 वयासाठी, जीवनज्योतीत प्रवेश 50 पर्यंतच. दोन्हींचा हप्ता मे अखेरीस कामगाराच्याच खात्यातून कापला जातो. खात्यात शिल्लक नसेल तर विमा संपतो आणि कुणाला कळतही नाही. 20 मेच्या आत पैसे खात्यात टाका, जूनमध्ये प्रत्येकाचं पासबुक भरून घेऊन नोंद बघा. वारसाचं नाव बरोबर आहे का तेही तपासा.

बेसन गिरणीचं बिल थकवू नका. गिरणी सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेली असेल तर पैसे द्यायची मुदत लेखी करारात जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

तेल, ईएसआय आणि विमा मिळून सव्वा लाखाच्या आत बसतं. 200 रुपये किलो भावाने तुमचा माल वर्षाला 45 टन, म्हणजे किलोमागे पावणेतीन रुपये, पाव किलोच्या पाकिटाला सुमारे 70 पैसे. पुढची भाववाढ कराल तेव्हा ते धरा. शाळेला वह्या द्यायच्याच असतील तर त्या यानंतर, उरलेल्या नफ्यातून.