सिनेमा एचडी चॅनलवर पाहिला काय नि ब्लू-रे डिस्कवर काय, दोन्हीकडे १०८० ओळींचंच चित्र ना? मग फरक का दिसतो?

ब्लू-रेचंच चित्र सरस असतं, आणि त्याचं मुख्य कारण रिझोल्यूशन नसून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी वापरला जाणारा डेटा, आहे. डिस्कवर व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वाव असतो. चॅनलला मात्र उपग्रहाची किंवा केबलची बँडविड्थ इतर चॅनलांबरोबर वाटून घ्यावी लागते, त्यामुळे वाट्याला बरंच कमी येतं. शिवाय चॅनलचं एन्कोडिंग (व्हिडिओ दाबून लहान करणं) प्रक्षेपण चालू असतानाच होतं, डिस्कचं निवांतपणे, एकेक दृश्य तपासून करता येतं. फरक बघायचाच असेल तर पाऊस, धूर, खळाळतं पाणी किंवा कॅमेऱ्याचा झपाट्याचा पॅन (आडवं फिरणं) बघा: चॅनलवर तिथे चौकोनी ठोकळे उमटतात, अंधाऱ्या भिंतीवर छटांचे पट्टे पडतात, फिल्मचा ग्रेन (बारीक दाणेदार पोत) पुसला जातो. त्यात बरेच चॅनल १०८०आय, म्हणजे एकाआड एक ओळींनी चित्र पाठवतात. डिस्कवर सिनेमा सेकंदाला २४ पूर्ण फ्रेमचा असतो (प्लेअरमध्ये २४पी आउटपुट चालू आहे ना, ते तपासा). मात्र ३२ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहत असाल तर हे सगळं जेमतेम जाणवेल, आणि डिस्कच खराब मास्टरवरून (मूळ प्रतीवरून) काढलेली असेल तर जास्त बिटरेटचाही उपयोग नाही.