दोन बोअर कोरडे गेले, आता मुलीला जिऑलॉजी?

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार लिहितात: "मुलगी बारावी सायन्स 71 टक्क्यांनी पास झाली. नीटला नंबर लागला नाही. रिपीट नको म्हणते, बी.एस्सी.ला जिऑलॉजी आणि पर्यावरणशास्त्र घ्यायचंय. पाहुणे विचारतात, दगडधोंडे शिकून काय मिळणार? त्यात मुलीने डोंगरदऱ्यांत हिंडायचं. दोन वर्षांत तीन बोअर घेतले, दोन कोरडे गेले, कर्ज डोक्यावर आहे. आणखी खर्च वाया जाऊ नये, एवढंच. काय करू?"

भाऊसाहेब, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं बोअरचं वाक्य मी दोनदा वाचलं. जागा कुणी दाखवली होती? पाणाड्यानेच ना, तळहातावर नारळ धरून? त्याची दक्षिणा वेगळी, गाडीचे फुटाफुटाचे पैसे वेगळे. मुलगी जे शिकायचं म्हणते आहे, त्यात हेच पाणी शोधण्याचं शास्त्र येतं. पाहुण्यांना हे सांगा, निदान घटकाभर गप्प बसतील.

आपला सगळा जिल्हा लाव्ह्याच्या थरांवर बसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक ओतले गेले. विहीर खणताना तुम्ही पाहिलं असेल: वर काळी माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या म्हणजे ठिपक्यांचा खडक, कुठे काळा पाषाण. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, नंतर खनिजांनी भरलेल्या. त्यातलेच मोठे, देखणे स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेत, मुलीला एकदा दाखवून आणा. पाणी मिळतं ते झिजलेल्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणात भेगच नसेल तर सहाशे फूट जा नाहीतर आठशे, धूळच वर येणार. जितकं खोल तितकं पाणी, हा हिशोब आपल्याकडे चालत नाही.

आता मुद्द्याचं. दोन्ही विषय एकत्र मिळत असतील तर उत्तम, पण मुख्य विषय जिऑलॉजीच ठेवा आणि पर्यावरण जोडीला. उलटं करू नका. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक भरले जातात. या पदांना जिऑलॉजीतली किंवा तिच्या शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते, नुसतं पर्यावरणशास्त्र चालत नाही. पर्यावरणवाल्या सल्लागार कंपन्यांत मात्र जिऑलॉजीवाल्यांनाही काम असतं. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार खाण, धरण, मोठी वसाहत अशा प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी अहवाल लागतो, आणि त्यात भूजल आणि भूशास्त्र यांची प्रकरणं कुणीतरी जाणकाराने लिहावी लागतात. एका पदवीला दोन दारं उघडतात, दुसरीला एकच.

पण खर्चाचा हिशोब तीन वर्षांचा करू नका, पाच वर्षांचा करा. नुसत्या बी.एस्सी.वर प्रयोगशाळेत पाणी तपासायचं किंवा नकाशे बनवायचं काम मिळतं, पगार बेताचा. खरी किंमत एम.एस्सी.ला आहे. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात करता येते, किंवा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी जॅम परीक्षा देऊन आयआयटीतही जाता येतं. मुलीने बारावीला गणित सोडलं असेल तर त्या त्या आयआयटीची अट आधी वाचा. जिओ-सायंटिस्टची वयोमर्यादा 21 ते 32 आहे, म्हणजे घाई नाही. जागा मात्र मोजक्या असतात, हे तिला आजच सांगून ठेवा. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. आपल्या नाशिकच्या दिंडोरी रोडवरची 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, तर तुम्ही येताजाता पाहता, तिथे धरणांसाठी माती आणि बांधकामाचं साहित्य तपासलं जातं.

राहिलं मुलीने हिंडण्याचं. फील्डवर्क चुकवता येत नाही, हे खरं. हातोडी, होकायंत्र आणि उन्हात दिवसभर चाल. 1983 साली अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ होत्या, आणि दुसऱ्या अदिती पंत आपल्या नागपूरच्या. भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करायला कायद्याने मनाई होती, तीही 2019 मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या पदांपुरती, दिवसाच्या पाळीत, उठली. तुमची मुलगी बागेत छाटणीला उभी राहते ना? मग डोंगराची काळजी तुम्हाला वाटतेय, तिला नाही.

कॉलेज निवडताना जाहिरात बघू नका, प्रयोगशाळा बघा. जिऑलॉजी सगळ्या कॉलेजांत नसते. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्स ही जुनी नावं. नाशिकमध्ये जिथे अर्ज कराल तिथे तीन गोष्टी विचारा: वर्षाला फील्डवर्क किती दिवस, खडकाचे पातळ काप बघायचे ध्रुवण सूक्ष्मदर्शक किती, आणि मुलं त्यावर स्वतः बसतात की सर एकटेच बघतात? खडकांचे नमुने कपाटात असतील तर धूळ बघा. मी एका ठिकाणी नमुन्यांवरची चिकटपट्टी पिवळी पडून गळून गेलेली पाहिली. कुठला दगड कुठला हे विचारल्यावर शिपाईच सांगायला पुढे आला. बरोबरही सांगितलं त्याने, पण फी शिपायाच्या भरवशावर भरायची नसते.

एक काम प्रवेशाआधी करून घ्या. कोरड्या गेलेल्या बोअरपाशी भुकटीचा ढीग अजून पडला असेल. तो मिसळलेला, फारसा उपयोगाचा नाही, तरी मुलीला दाखवा: लालसर कुठे, राखाडी काळी कुठे. पुढचा बोअर घ्यायची वेळ आली, तर गाडीपाशी तिला उभं करा. दर दहा फुटांची मूठभर भुकटी कागदाच्या पुडीत बांधून, वर फूट लिहून ठेवायला सांगा. प्रवेशासाठी जिथे जाल तिथल्या जिऑलॉजीच्या सरांपुढे त्या पुड्या ठेवा. ते पुड्या सोडून वाचायला बसले, तर तिथे फी भरा.