एम.एस्सी. संख्याशास्त्राची, काम जंगलाचं

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझी मेल मिळाली. बी.एस्सी. संख्याशास्त्रात, जीव जंगलात, आणि आता पुढे वन्यजीवशास्त्राला जावं की आहे तिथेच राहावं, हा पेच. माझं मत विचारशील तर एम.एस्सी. संख्याशास्त्राचीच कर. पक्षी-प्राणी ओळखायला पुढे कधीही शिकशील, शिकवणारेही हौसेने शिकवतील. लाइकलीहूडचा, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांशी कोणता अंदाज जास्त जुळतो हे ठरवणाऱ्या गणिताचा, पाया मात्र नंतर कुणी बसून घालून देत नाही.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजलेस म्हणतेस. तो कागद पुन्हा काढ. १४ सांबरं लिहिलीस, त्यातलं एखादं दोनदा पाण्यावर आलं असेल का? शेजारच्या पाणवठ्यावरही ते मोजलं गेलं असेल का? वळवाचा पाऊस होऊन नाल्याला पाणी असेल, तर किती जण तुझ्याकडे फिरकलेच नसतील? म्हणजे तुझा आकडा जंगलातल्या सांबरांचा नव्हे, त्या रात्री त्या पाण्यावर दिसलेल्यांचा. (त्या रात्रीला पूर्वी प्राणीगणना म्हणत, हल्ली ‘निसर्गानुभव’ म्हणतात, ते बरंच झालं.) प्राणी असूनही न दिसण्याची शक्यता किती, याच प्रश्नाभोवती हा सगळा विषय फिरतो.

वाघांचं बघ. कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. एकेकच बाजू मिळाली तर एकाचे दोन वाघ होतात. समज, पहिल्या फेरीत २० वाघ टिपले, दुसरीत १५, आणि या १५ पैकी १० आधीचेच. म्हणजे पहिल्या फेरीत साधारण दोन तृतीयांश वाघ हाती लागले होते, एकूण ३०. इतकं तुला आत्ताही येतं. पण काही वाघ कॅमेऱ्याला बुजतात, काही कॅमेऱ्यांच्या टापूबाहेर राहून मधूनच आत डोकावतात. मग हे ३० वाघ नेमके किती चौरस किलोमीटरमधले? वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंतांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत ही पद्धत वाघांसाठी वापरली, त्यानंतर या एका प्रश्नावर केवढं तरी काम झालं. ते वाचून समजायला जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल, बेजियन पद्धती आणि स्टोकॅस्टिक प्रोसेसेस हे संख्याशास्त्राचे विषय पक्के हवेत. ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा तर रोज हाताखालून गेलीच पाहिजे. आणि मुलं रटाळ म्हणून टाळतात तो सॅम्पलिंगचा, म्हणजे मोजायला नमुना कसा निवडावा याचा, पेपर मन लावून कर. जिथे जीप जाते तिथेच मोजणी का करायची नाही, हे तिथेच कळतं.

विदा (डेटा) कुठून आली, हे विचारायची खोड मात्र आत्तापासून लावून घे. रानपिंगळा हे छोटं घुबड. तो १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता. मधल्या काळातला एकच नमुना होता, गुजरातेत १९१४ साली मिळाला म्हणून ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक मायनर्ट्‌झहागेनने दाखवलेला. तो निघाला चोरीचा, जुन्याच नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावलेला. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना पक्षी दिसला. ती १९१४ची खोटी नोंद तशीच मॉडेलमध्ये गेली असती, तर मॉडेलने बिनतक्रार उत्तर दिलं असतं!

संस्थांचं थोडक्यात सांगतो. गणित घट्ट करायला कोलकात्याची आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था). प्रश्न कळायला डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरची एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), तिथल्या कुणाकडे सुट्टीत विदा साफ करायचं काम मिळालं तरी घे. पीएच.डी.ला स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज आणि इंग्लंडमधलं केंट बघ. ट्रान्सेक्टच्या, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेत चालत केलेल्या, नोंदींसाठी वापरतात ते ‘डिस्टन्स’ सॉफ्टवेअर सेंट अँड्र्यूजचंच, फुकट मिळतं, आजच उतरवून घे.

अर्जासोबतचं निवेदन लिहून झालं की मला पाठव. पहिला परिच्छेद लहानपणापासूनच्या वाघप्रेमाचा असेल, तर तो आधीच काढून टाक. तिथे त्या १४ सांबरांबद्दल लिही.

तुझा,
सर