पहिला ड्राय हर्ब व्हेपोरायझर घेताय? मग हे वाचा

अरे, ड्राय हर्ब व्हेपोरायझर म्हणजे सुका पाला न जाळता, नुसता तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र, तर आधी एक ठरव, तू कसा वापरणारेस. दिवसातून दोन-तीन दम मारून ठेवून देणार असशील तर कन्व्हेक्शनवाला बघ, कारण त्यात गरम हवा पाल्यातून जाते आणि बराचसा माल तू ओढतोस तेव्हाच शिजतो. कंडक्शनमध्ये चेंबरची भिंतच तापते, त्यामुळे तू थांबलास तरी आत भाजणं चालूच राहतं, मधे ढवळावंही लागतं. मिडरेंजमध्ये बरेचसे हायब्रिड, म्हणजे दोन्ही मिळून असतात, ते वाईट नाहीत.

बॅटरीचं मात्र नीट बघ हां, माझा पहिला डिव्हाइस सीलबंद बॅटरीचा होता, दीड वर्षात चार्ज धरेना आणि अख्खा पीसच कचऱ्यात गेला, तेव्हापासून मी 18650 सेल (रिचार्जेबल लिथियम सेलचा एक स्टँडर्ड साइज) काढता येतो असाच घेतो. बॅटरीची कटकटच नको असेल तर डायनाव्हॅप हा बिनबॅटरीचा व्हेप घे, टॉर्च लायटरने तापवायचा, टिक वाजलं की ओढायचा, पण हात बसायला आठवडा जातो.

टेंपरेचर एकेक डिग्रीने सेट होणारं हवं. 180 सेल्सिअसला चव, 200-210 ला दाट वाफ, 230 च्या वर गेलास की पाला जळायला लागतो, मग व्हेप कशाला घेतलास! ॲपबिपच्या नादी लागू नकोस. काचेचा माउथपीस असेल तर उत्तम, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवला की झाला साफ.

आणि पाला बारीक करायचा ग्राइंडर चांगला घे, त्यात कंजुषी नको.