अल्सरसाठीचा १४ दिवसांचा कोर्स दुखणं थांबल्यावर सातव्या दिवशी सोडला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एंडोस्कोपीत ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) अल्सर, म्हणजे जखम, आणि एच. पायलोरी हा जंतू सापडला, १४ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, चौथ्या दिवशी दुखणं थांबलं, तोंड मात्र सतत कडू. सात दिवसांचाही कोर्स असतो असं वाचलंत, तर आता थांबावं का?

थांबू नका. चौथ्या दिवशी दुखणं थांबलं ते जंतू मेले म्हणून नव्हे. ते श्रेय पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल यांपैकी जी आम्ल कमी करणारी गोळी तुमच्या चिठ्ठीत असेल, तिचं. आम्ल कमी झालं की जखमेची आग थांबते. जंतू तेव्हाही जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात शिल्लक असू शकतात. अर्धवट कोर्सनंतर उरतात ते बहुधा औषधाला दाद न देणारे, आणि मग तेच वाढतात.

सात दिवसांचं तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, जुनं आहे. आम्ल कमी करणारी गोळी आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम व अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम ही दोन अँटिबायोटिक, तिन्ही दिवसातून दोनदा, असा आठवड्याचा कोर्स बरीच वर्षं सर्रास दिला जायचा. पुढे क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू वाढले, आणि तेव्हापासून मुदत १४ दिवसांवर गेली. जिथे अशा जंतूंचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आहे, किंवा ते किती आहे हेच माहीत नाही, तिथे जंतू दाद देतो का हे न तपासता क्लॅरिथ्रोमायसिन देऊ नये असं आता मानलं जातं. त्याऐवजी चार औषधांचा कोर्स देतात: आम्ल कमी करणारी गोळी दोनदा, बिस्मथ चार वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चार वेळा आणि मेट्रोनिडाझोल तीन किंवा चार वेळा. जाच आहे खरा, दिवसभर गोळ्याच गोळ्या. पण मेट्रोनिडाझोलला थोडाफार प्रतिकार करणारे जंतूही या कोर्समध्ये पुष्कळदा मरतात, मात्र पूर्ण डोस आणि पूर्ण दिवस झाले तरच.

आता घेण्याची पद्धत, कारण कोर्स फसतो तो बऱ्याचदा इथेच. आम्लाची गोळी सकाळी आणि रात्री, जेवणाच्या अर्धा तास आधी, न चावता. ती केवळ पोटाला आराम म्हणून दिलेली नसते. आम्ल कमी झाल्यावर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन जठरात जास्त काळ टिकतात. शिवाय जंतू वाढीला लागतात, आणि ही औषधं वाढणाऱ्या जंतूलाच नीट मारतात. म्हणून "आता जळजळ नाही" म्हणत फक्त हीच गोळी बंद करणं सगळ्यात महाग पडतं. अँटिबायोटिक जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते. टेट्रासायक्लिन असेल तर दूध, कॅल्शियम, लोह आणि अँटासिड यांपासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. एखादा डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्याची वेळ झाली असेल तर तोच घ्या, दोन डोस एकत्र मात्र नकोत. सलग एक-दोन दिवसांचे डोस चुकले असतील तर स्वतः हिशेब न लावता डॉक्टरांना विचारा.

कडू किंवा धातूसारखी चव क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल दोघांमुळेही येते, कोर्स संपला की जाते. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद, शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस. बिस्मथमुळे शौच आणि जीभ काळी पडते, ते निरुपद्रवी. पण डांबरासारखं चिकट, दुर्गंधी शौच, चक्कर किंवा रक्ताची उलटी झाली तर अल्सरमधून रक्तस्राव होत असू शकतो, तेव्हा थेट रुग्णालय. अंगावर पित्त, ओठ-चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास किंवा सतत पाण्यासारखे जुलाब झाले तर कोर्स थांबवून लगेच डॉक्टरांशी बोला. "पूर्ण करायचाच" हा हट्ट इथे चालत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, तसंच कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करणारी किंवा हृदयाच्या ठोक्यांची गोळी चालू असेल आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं असेल तर आजच सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी तर एकत्र घ्यायचंच नसतं. डोकेदुखी-अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका, अल्सरला तेही कारण असतं. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका.

कोर्स संपल्यावर जंतू गेला की नाही हे लक्षणांवरून कळत नाही. त्यासाठी युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासाची तपासणी) किंवा शौचातली अँटिजेन तपासणी (जंतूचे अंश शोधणारी) करतात, शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून. घाईने केली तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. गोळी बंद करण्याआधी विचारा मात्र, अल्सरमधून रक्त गेलेलं असेल तर ती जास्त काळ लागते. रक्तातली अँटिबॉडी तपासणी (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं शोधणारी) यासाठी उपयोगाची नाही, जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते.

तपासणी पॉझिटिव्ह आलीच तर तोच कोर्स पुन्हा घेत नाहीत. एकदा वापरलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक अँटिबायोटिक दुसऱ्यांदा टाळतात. अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिन चालतात, कारण त्यांना प्रतिकार क्वचितच आढळतो. म्हणून आत्ताची चिठ्ठी जपून ठेवा, पुढचं औषध तिच्यावरूनच ठरेल.