हरिनारायण, हरी नारायण की हरि-नारायण?

प्रश्न : मुलाचं नाव पणजोबांवरून ठेवलंय. घरातले तिघं ते तीन तऱ्हांनी लिहितात. जन्मनोंदणीत नाव अजून घातलेलं नाही. बरोबर कोणतं आणि इंग्रजी स्पेलिंग काय ठेवावं?

उत्तर : ‘हरिनारायण’ असं एकत्र लिहा, ‘रि’ ऱ्हस्व. सुटा ‘हरी’ मराठीत दीर्घान्त लिहितात. समासाचं पहिलं पद झाला की संस्कृतातला मूळ ऱ्हस्व टिकतो. म्हणून हरी, पण हरिहर, हरिनारायण. लक्ष्मीनारायणात मात्र ‘मी’ दीर्घच, कारण लक्ष्मी मुळात दीर्घान्त आहे.

तोडून लिहिण्याचा खरा त्रास कागदपत्रांत होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. ‘हरी नारायण’ लिहिलंत की चाराचे पाच शब्द होतात, आणि फॉर्म भरणारा ‘नारायण’ सहज पुढच्या रकान्यात ढकलतो. शाळेच्या हजेरीतही मुलगा नुसता ‘हरी’ होऊन बसतो. इतकं भारदस्त जुनं नाव असं अर्धं होऊ देऊ नका.

जोडरेघेने काही साधत नाही. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जोडरेघ चालतच नाही. तिथे जोडरेघेच्या आणि मोकळ्या जागेच्या बदल्यात एकच भरणखूण (<) छापतात, त्यामुळे सुटं नाव आणि जोडरेघेचं नाव तिथे सारखंच दिसतं. बरेच ऑनलाइन फॉर्म तर जोडरेघ घेतच नाहीत.

स्पेलिंग साधं ठेवा : एच-ए-आर-आय-एन-ए-आर-ए-वाय-ए-एन, अकरा अक्षरं. शेवटी जादा ‘ए’ लावलात तर मराठी न येणारा ‘नारायणा’ वाचेल. अंकशास्त्राच्या हिशेबासाठी अक्षरं वाढवायची असतील तर ती आत्ताच ठरवा, शाळेत घातल्यावर नको. लांबीची काळजी नको : पासपोर्टच्या त्या ओळीत ४४ घरं असतात, पहिली पाच दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांना जातात, उरलेल्या ३९ मध्ये आडनाव आणि हे नाव आरामात बसतं.

जन्मनोंदणीत मुलाचं नाव बारा महिन्यांच्या आत घातलं तर शुल्क पडत नाही. दोन्ही लिप्यांतलं नाव ठळक अक्षरांत लिहून न्या आणि दाखला छापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचा. इंग्रजीवरून मराठी आपोआप उमटवलं की ‘हरीनारायण’ येऊ शकतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

प्रश्न : मुलीच्या जन्मदाखल्यावर ‘विजया लक्ष्मी’, आधारवर ‘विजयालक्ष्मी’. ती सात वर्षांची आहे. काय बदलावं?

उत्तर : एकत्र लिहिणं अधिक चांगलं, तरी इथे दाखल्याला हात लावू नका, आधार त्याच्याशी जुळवा. दोन कागदांवर दोन रूपं असणं हे सुट्या नावापेक्षा जास्त नडतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अर्जातली मोकळी जागा दोन्ही भाषांत तपासूनच पावतीवर सही करा. मग शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिथलंच नाव जातं. दाखल्यावरची मोकळी जागा ही कारकुनी चूक असेल आणि तुमच्या मूळ अर्जात नाव एकत्र असेल, तरच जन्म-मृत्यू निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत त्या अर्जाची प्रत जोडा.